'बंद होणार म्हणे' : एका वदंतेचे वाचन

मराठीतला 'म्हणे' हा शब्द मोठा सोयीचा आहे. रूपाने तो क्रियापद, पण वाक्याच्या शेवटी येऊन बसला की त्याला कर्ता उरत नाही. 'तो गेला' या विधानाची जबाबदारी बोलणाऱ्यावर असते. 'तो गेला म्हणे' या विधानाची जबाबदारी कोणावरच नसते. कोण म्हणे, केव्हा म्हणे, कशावरून म्हणे, हे विचारायला वाक्यात जागाच ठेवलेली नाही. या लेखात मी या शब्दाच्या आधाराने एका छोट्या वदंतेचे वाचन करणार आहे. विषय साहित्याच्या अंकाला किरकोळ वाटेल. एका मोबाइल फोनचे मॉडेल बंद होणार, ही ती वदंता. मात्र तिच्यापायी माझ्या हातून जे गेले ते किरकोळ नव्हते. ते शेवटी सांगेन.

जानेवारी २०२१. टाळेबंदी सैल झाली होती आणि मी साताऱ्यातल्या एका मोबाइलच्या दुकानात उभी होते. पतपेढीतली नोकरी सोडल्यापासून मी मोडी कागद वाचते. कोणत्याही विद्यापीठाची पदवी त्यासाठी माझ्याजवळ नाही. रविवारच्या वर्गात मुळाक्षरे शिकले, पुढचे सारे कागदांनीच शिकवले. भाच्याने वापरून झालेला सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ८ मला दिला होता. या मालिकेतल्या फोनच्या पोटात एक पेन असते. कागदाचा फोटो घ्यायचा, त्यावर पेनाने मोडी अक्षराचे वळण गिरवायचे आणि शेजारी बाळबोध वाचन लिहायचे, अशी माझी रीत पडली होती. मोडी लिहिणारा हात उचलत नाही, शब्द तोडत नाही. लेखकाचा हात कुठून कुठे गेला हे कळायला तो आपल्या हाताने गिरवावा लागतो. बोटाने ते जमत नाही.

फोनची बॅटरी तासाभरात मान टाकू लागली होती, म्हणून त्याच मालिकेतला, त्यातल्या त्यात परवडणारा नोट १० लाइट पाहायला गेले होते. तो वर्षभरापूर्वी ३८,९९९ रुपयांना बाजारात आला होता. दुकानातला मुलगा भला होता. म्हणाला, "काकू, घ्या हवा तर. पण नोट बंद होणार म्हणे. पेनवाला दुसरा काहीतरी येतोय. नाहीतर हाच चार-पाच हजारांनी उतरेल. थांबा की थोडं." शेजारी रिचार्जला आलेले एक आजोबा 'नोट बंद' एवढेच ऐकून दचकले. "परत?" त्यांनी विचारले. २०१६ चा नोव्हेंबर त्यांना आठवला असावा. आम्ही तिघेही हसलो. मी फोन न घेता परत आले.

साधनांची कसोटी

घरी आल्यावर सवयीप्रमाणे मी त्या वाक्याला साधन मानले आणि त्याचा माग काढायला लागले. आमच्या क्षेत्रात याची शिस्त इतिहासाचार्य राजवाड्यांनी घालून दिली आहे. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड आला. पानिपतापर्यंतच्या दहा-अकरा वर्षांतली पत्रे त्यात आहेत. त्याच्या प्रस्तावनेत राजवाड्यांनी बखरींना अस्सल पत्रांच्या कसोटीला लावले आणि त्या कुठे कुठे घसरतात ते दाखवले. तेव्हापासून आम्हा हौशी मंडळींच्याही अंगात एक भेद मुरला आहे. पत्र तारखेचे, माणसाचे, त्या घडीचे असते. बखर मागाहूनची, ऐकीव आणि रंगवलेली असते. दोहोंत विरोध आला तर पत्राकडे झुकावे.

या कसोटीवर नोटची वदंता लावायची, तर आधी घटनांचा क्रम हवा.

नोट मालिकेतला पहिला फोन सप्टेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात दाखवला गेला. पडदा ५.३ इंची, त्या काळाच्या मानाने अवाढव्य. शिवाय सोबत पेन. २००७ साली आयफोन सादर करताना स्टीव्ह जॉब्झ यांनी असल्या लेखणीची भर सभेत थट्टा केली होती, त्यामुळे हे पेन म्हणजे उलटी चाल वाटली. पण ती लोकांना आवडली आणि दरवर्षी नवा नोट येऊ लागला. २०१५ च्या नोट ५ नंतर मात्र कंपनीने सहाचा आकडा गाळला आणि २ ऑगस्ट २०१६ रोजी नोट ७ जाहीर केला. महिन्याभरातच त्याच्या बॅटऱ्या पेट घेत असल्याचे उघड झाले. २ सप्टेंबरला फोन परत बोलावण्याची घोषणा झाली. बदलून दिलेले फोनही पेटले, तेव्हा ११ ऑक्टोबरला उत्पादन कायमचे थांबवण्यात आले.

त्या वेळी पहिली वदंता उठली, की आता नोट हे नावच पुसले जाणार. तर्क बिनतोड होता. विमानात ज्या फोनला बंदी झाली त्याचे नाव कोण पुन्हा उच्चारील? पण २३ ऑगस्ट २०१७ रोजी त्याच नावाचा नोट ८ समोर आला. म्हणजे पहिली वदंता तर्काला धरून होती आणि खोटी ठरली.

दुसरी वदंता डिसेंबर २०२० च्या आरंभीची. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने नाव न सांगणाऱ्या सूत्रांच्या आधारे बातमी दिली, की पुढच्या वर्षी नवा नोट काढण्याचा बेत नाही. कंपनीने त्यावर बोलायला नकार दिला. दुकानातल्या मुलाचे 'म्हणे' या बातमीपासून निघून किती तोंडांतून साताऱ्याला पोचले होते, कोण जाणे. पण त्याचे मूळ हेच असावे. आणि ही वदंता खरी ठरली. नोट २० नंतर नवा नोट आलाच नाही.

आता त्याच काळातली 'पत्रे' पाहू, म्हणजे तारखेची आणि नावाची साधने. डिसेंबर २०२० च्या मध्याला कंपनीच्या मोबाइल विभागाचे प्रमुख रोह ते-मून यांनी लिहिले, की नोटमधल्या लोकांच्या आवडत्या गोष्टी आता इतर फोनांतही देऊ. १४ जानेवारी २०२१ रोजी एस २१ अल्ट्रा आला. तो पेनाने चालतो, पण पेन ठेवायला त्याच्या पोटात जागा नव्हती. ते वेगळे विकत घ्यायचे. १७ मार्चला भागधारकांच्या सभेत कोह डाँग-जिन यांनी सांगितले, की एका वर्षात पेनवाले दोन मोठे फोन काढणे जड जाते, त्यामुळे यंदा नोट आणणे कठीण आहे. पुढच्या वर्षाचे दार मात्र त्यांनी उघडे ठेवले. जुलैअखेरीस रोह यांनी ऑगस्टच्या कार्यक्रमात नोट नसेल असे कळवले. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी एस २२ अल्ट्रा आला. चौकोनी कोपरे, पोटात पेन, सगळी ठेवण नोटची. आणि महिनाअखेरीस बार्सिलोनात रोह यांनी कोरियन वार्ताहरांना सांगितले, की नोट यापुढे अल्ट्रा या रूपात येत राहील.

हा क्रम मांडून झाल्यावर मी अडले. बखर खरे बोलली होती आणि पत्रे पंधरा महिने बोलून काहीच सांगत नव्हती. जो भेद मी इतकी वर्षे पाळला, त्याच्या नेमके उलटे इथे घडले होते. तेव्हा प्रश्न खऱ्याखोट्याच्या पलीकडचा होता. दोन्ही प्रकारच्या भाषेचे गद्य म्हणून वाचन करणे भाग होते.

वदंतेची भाषा

मराठीत वदंतेसाठी शब्दांचा तोटा नाही आणि प्रत्येकाची जात निराळी आहे. 'अफवा' हा शब्द अरबीतून आला. मुळात त्याचा अर्थ 'तोंडे', तेही अनेकवचनी. एका तोंडाची अफवा होत नाही. 'किंवदंती' फोडली तर 'काय बोलतात?' असा प्रश्नच हाती लागतो. 'वावडी' म्हणजे पतंग. ती उठवणारा खाली असतो आणि सगळ्यांचे डोळे वर. 'हूल' म्हणजे चाल केल्याचे सोंग. ती देणाऱ्याला समोरच्याची हालचाल हवी असते. वर्तमानपत्री 'असे समजते' आणि 'सूत्रांनी सांगितले' हे या कुळातले अलीकडचे, इस्त्री केलेले वंशज.

फोन बंद होण्याच्या वदंतेत यांतले सगळे थोडे थोडे असते. पण तिची स्वतःची तीन लक्षणे मला दिसतात.

पहिले लक्षण, तिला कर्ता नसतो. 'बंद होणार' म्हणतात, 'बंद करणार' क्वचितच. पाऊस थांबणार, तसा फोन बंद होणार. निर्णय घेणारी माणसे, त्यांचे नफ्यातोट्याचे आकडे, सारे त्या 'होणार'च्या आड जाते.

दुसरे लक्षण, तिला मुदत नसते. 'लवकरच', 'पुढच्या वर्षी', 'यंदा बहुधा नाही'. मुदत नसल्यामुळे ती खोटी ठरू शकत नाही, फक्त पुढे ढकलली जाते. नोट ७ नंतर नाव पुसण्याची वदंता फसली, तरी एस आणि नोट एकत्र करणार ही कुजबुज पुढच्या वर्षांत अधूनमधून उठतच राहिली. एखादे भाकीत पुन्हापुन्हा केले की ते कधीतरी खरे होते आणि मग आधीची फसलेली भाकिते कोणी मोजत नाही. २०२० ची बातमी खरी निघाली याचा अर्थ वदंता हे साधन विश्वासार्ह ठरले, असा मी घेत नाही. त्या एका बातमीमागे वृत्तसंस्थेची पडताळणी होती. तोंडातोंडी फिरताना ती पडताळणी गळून पडली आणि 'म्हणे' तेवढे उरले.

तिसरे लक्षण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. वरवर ती बातमी असते, आतून ती आज्ञा असते. आज्ञा एकच : थांबा. त्या मुलाचे बोलणे पुन्हा पाहा. नवा येणार म्हणून थांबा, आणि नवा नाही आला तर हाच स्वस्त होईल म्हणून थांबा. दोन्ही शक्यता परस्परविरोधी आहेत, सल्ला मात्र एकच निघतो. यात त्याचा काही फायदा नव्हता. उलट विक्री गेली. वदंता सांगणारा बहुधा निःस्वार्थीच असतो, म्हणून तर आपण ऐकतो.

कंपनीची भाषा

वदंतेच्या गद्याला जबाबदारी नाही, तर कंपनीच्या गद्यात जबाबदारी इतकी की अर्थाला जागा उरत नाही. वर दिलेल्या 'पत्रां'त 'बंद' हा शब्द कुठेच नाही. नोट संपतो आहे असे न म्हणता नोटचा 'अनुभव' पसरतो आहे असे म्हटले जाते. जानेवारी २०२२ मध्ये नव्या फोनची चाहूल देताना रोह यांनी त्याला मालिकेतला सर्वांत 'नोटवर्दी' फोन म्हटले. या इंग्रजी शब्दाचा अर्थ 'लक्षणीय' आणि त्याच्या पोटात 'नोट' दडलेला. दहा वर्षे लोकांनी वापरलेल्या वस्तूचा निरोप श्लेषात उरकला गेला. श्लेष हा आपल्याकडे पंडित कवींचा आवडता अलंकार. एका शब्दात दोन अर्थ दिसावेत आणि दोन्हींचा आनंद मिळावा, हा त्याचा हेतू. इथे एक अर्थ दाखवून दुसरा झाकण्यासाठी तो वापरला गेला.

बंद झाल्याची पक्की वार्ता कोणी देत नाही तेव्हा काय होते, हे मराठी माणसाला पानिपताने शिकवले आहे. तुलना प्रमाणाबाहेरची आहे. कुठे लाखाचा संहार आणि कुठे एक यंत्र. पण वदंतेची रचना तीच दिसते. सदाशिवरावभाऊंच्या मृत्यूविषयी शंकेला जागा उरली, म्हणून 'भाऊ जिवंत आहेत' ही वदंता वर्षानुवर्षे जगली. त्या जागेतूनच तोतया उभा राहिला आणि १७७६ पर्यंत, म्हणजे त्याला देहान्त शिक्षा होईपर्यंत, पेशवाईला पुरून उरला. पार्वतीबाईंनी तर अखेरपर्यंत वैधव्य पत्करले नाही. शेवटाचे वाक्य स्पष्ट लिहिले गेले नाही की मागे उरलेल्यांचा काळ अडून राहतो.

एस २२ अल्ट्राला मात्र मी तोतया म्हणणार नाही. तोतयाने नाव घेतले, देह त्याचा नव्हता. इथे देह नोटचाच होता, नाव तेवढे काढून घेतले. वापरणाऱ्याचे काम भागले हे खरे. पण एस मालिकेतला सर्वांत महाग फोन घेणाऱ्यालाच ते भागले. नोट १० लाइटसारखा त्यातल्या त्यात आवाक्यातला, पेन पोटात ठेवणारा फोन या नव्या व्यवस्थेत बसला नाही. 'अनुभव' पसरला असे कंपनी म्हणते तेव्हा तो कोणापासून दूर गेला, हे त्या वाक्यात येत नाही.

मौन कुठून आले

कंपन्या अशा गुळमुळीत का बोलतात, याचे एक प्रसिद्ध कारण संगणकाच्या इतिहासात आहे. अ‍ॅडम ऑस्बोर्न या गृहस्थाचे बालपण तमिळनाडूत तिरुवण्णामलैला गेले. त्याचे वडील रमण महर्षींचे भक्त. या ऑस्बोर्नने १९८१ साली अमेरिकेत उचलून नेता येईल असा संगणक बाजारात आणला. वजन सुमारे अकरा किलो, किंमत १,७९५ डॉलर. तो धडाक्याने खपला. मग १९८३ मध्ये त्याने पुढच्या, अधिक सरस संगणकाची चर्चा आधीच सुरू केली. विक्रेत्यांनी चालू मॉडेलच्या मागण्या थांबवल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने दिवाळे काढले. याला 'ऑस्बोर्न परिणाम' असे नावच पडले. नंतरच्या अभ्यासकांनी या कथेवर शंका घेतली आहे. प्रतिस्पर्ध्यांचे संगणक वरचढ होते, कारभारात गोंधळ होता, अशी इतर कारणे ते देतात. म्हणजे खबरदारीची ही गोष्टदेखील थोडी बखरीच्याच जातीची. पण धंद्याने तिच्यातून धडा घेतला, की पुढच्याविषयी बोलाल तर हातातले विकले जाणार नाही.

म्हणून मौन. आणि मौन पाळले की वदंता उगवते आणि ती नेमके तेच करते ज्याला कंपनी भीत असते : लोकांना थांबवते. ऑस्बोर्न बोलून बुडाला म्हणतात. त्याचे वारस न बोलता तोच परिणाम ओढवून घेतात. फरक इतकाच, की त्याची किंमत बहुतेकदा गिऱ्हाईक भरते आणि ती कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

थांबण्याची किंमत

माझ्या ताळेबंदात ती अशी आहे. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका गावी एका वयोवृद्ध गृहस्थांकडे मोडी कागदांचे एक रुमाल होते. बहुतेक गावकीचे हिशोब, काही घरगुती पत्रे. जानेवारीत त्यांचा निरोप आला होता, "ताई, या आणि फोटो काढून न्या." मी कळवले, नवा फोन घेतला की लगेच येते. मग मार्चमध्ये कोरियातल्या सभेची बातमी वाचली आणि पुढचे वर्ष मनात धरले. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि रस्ते बंद झाले. जुलैच्या २२ आणि २३ तारखेला आमच्या जिल्ह्यात कसा पाऊस कोसळला ते वाचकांना आठवत असेल. त्या घराच्या माळ्यावरची कौले सरकली. चार-पाच दिवसांनी यंदा नोट नाही हे कंपनीने जाहीर केले.

रुमालात त्रेचाळीस पाने होती. त्यांतली अकरा एकमेकांना अशी चिकटली होती की उलगडता आली नाहीत. बाकीची मी त्या गृहस्थांच्या ओसरीवर बसून फोटोत घेतली. माझ्या जुन्याच फोनवर. दरम्यान साडेबाराशे रुपयांत त्याची बॅटरी बदलून मिळाली होती आणि तेवढ्याने काम भागले होते. जानेवारीतही भागले असते. ते म्हणाले, "अहो, फोन होता की तुमच्याकडे." यावर मला उत्तर देता आले नाही.

त्या वाक्याने मला या विषयाचे मर्म दिसले. वदंता खरी की खोटी हे मी शोधत बसले, पण तिचा परिणाम दोन्ही बाजूंनी एकच झाला असता. बंद होणार, बदलणार, नवा येणार या बोलण्याने भविष्यातल्या वस्तूचे काहीच बिघडत नाही. हातातली वस्तू मात्र जिवंतपणीच माजी होते. चालू फोन मला जुना वाटू लागला, पुरेसा असलेला अपुरा वाटू लागला, आणि ज्या कामासाठी तो होता ते काम मागे पडले. दुकानातला मुलगा, वृत्तसंस्था, कंपनी, कोणालाच मी दोष देत नाही. थांबले मी. राजवाड्यांच्या कसोटीत साधनाला विचारायचे प्रश्न आहेत : कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कशासाठी लिहिले. त्यांत माझ्यापुरता एक प्रश्न मी वाढवला आहे. हे वाक्य मला आज काय करायला सांगते आहे? तसे न करता त्याची खातरजमा होईपर्यंत माझे काम चालू राहू शकते का? राहू शकत असेल, तर चालू ठेवावे.

ती अकरा पाने मी संवर्धनाचे काम करणाऱ्या एका जाणकारांकडे नेऊन दिली आहेत. पाने सुटतील, थोडी अक्षरे जातील, असे म्हणतात. कोण म्हणतात, कोणत्या तारखेला म्हणाले आणि कशावरून, ते मी वहीत लिहून ठेवले आहे.